रेश्माचं म्हणणं मी हिंदीत सांगितलं

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. धाकट्या बहिणीला तर मुळीच नाही — तिच्या कानावर गेलेली गोष्ट दिवे लागायच्या आत सगळ्या नात्यात फिरून येते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मराठी वाचता. हे काय कारण झालं, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. पुढे कळेल.

कुठून सुरू करू? मनातल्या मनात मी ही गोष्ट किती वेळा सुरू केली आहे, आणि दर वेळी सोयीच्या जागी थांबवली आहे. मला ती कला येते. एच.आर.मध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत. नको ते न सांगता खूप बोलायचं, हाच तर आमचा धंदा.

लग्न करून मी पुण्याहून दिल्लीला आले ती सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं बरीच होती. सुट्टीत जो कुणी गावी जाईल त्याने सगळ्यांचा गोडा मसाला आणायचा, असा अलिखित नियम होता. चैत्रातलं हळदीकुंकू, गणपती, आणि वर्षभर पुरेल इतक्या कुरबुरी. मग कुणाची बदली झाली, कुणी रिटायर होऊन नाशिकला गेलं, क्वार्टर पाडायला घेतले. आम्ही गाझियाबादला, वैशालीत फ्लॅट घेतला. शेजारी भली माणसं, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात हिंदी. मुलगी मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत द्यायला लागली. नवरा मुळातच कमी बोलतो. पंधरवड्यात माझ्या तोंडून मराठीचं एक सबंध, रसरशीत वाक्य निघेनासं झालं. तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर हे तुम्हाला कळणार नाही. आणि न कळो.

त्या सुमाराला मी नोएडातल्या एका कपड्यांच्या एक्स्पोर्ट फॅक्टरीत एच.आर. बघत होते. तिथे फिनिशिंगला रेश्मा आली.

तिचं काम चेकरचं — शिवून आलेला प्रत्येक कपडा उलटा-सुलटा करून बघायचा, शिवण सुटली असेल, दोरा लोंबत असेल, तर बाजूला काढायचा. नाव रेश्मा मुलाणी. नाव ऐकून सगळ्यांनी गृहीत धरलं की हिची हिंदी-उर्दू झकास असणार. सुपरवायझर तिच्याशी भरधाव बोलायचा आणि ती नुसती मान हलवायची. तिचं हिंदी म्हणजे आनंद होता. टेबल ‘अच्छी’ आणि कात्री ‘अच्छा’. लोक हसायचे, तीही हसायची.

एकदा कॅन्टीनमध्ये माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला — “ही काय आमटी म्हणायची का भांडी विसळल्यालं पाणी?” मी ताटासकट वळले. काय सांगू तुम्हाला. आपल्या गल्लीतला आवाज परक्या गावात ऐकू यावा, तसं झालं. “तुम्ही मराठी?” मी विचारलं. ती तोंडात घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

तिचं गाव विट्याजवळचं, सांगली जिल्ह्यातलं. नवरा करोल बागेत गलाईच्या दुकानात कामाला. त्या भागातली माणसं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, तसाच हाही. मी अगदी पुणेरी भोचकपणे तिला विचारलं होतं, की तुमच्या घरी हिंदी नाही का बोलत? त्यावर ती म्हणाली होती, “गावात सगळ्यांचं एकच बोलणं, ताई. आमचं न्यारं कुठनं आणू?” मला लाज वाटली. पण ती विसरून गेली. तिने डब्यातलं कालवण माझ्या ताटात वाढलं.

त्या दिवसापासून आम्ही डबा एकत्र खायला लागलो. संध्याकाळी मेट्रोही एकच. नोएडाहून यमुना बँकपर्यंत आम्ही दोघी लेडीज डब्यात, दाराशेजारच्या कोपऱ्यात. तिथे मी वैशालीची गाडी पकडायला उतरायचे आणि ती तशीच पुढे करोल बागेला जायची. तो प्रवास म्हणजे माझं माहेर होतं. हो, एच.आर.च्या मॅडमचं माहेर, फिनिशिंगच्या चेकरच्या शेजारी उभं राहून. ती भाजीला माळवं म्हणायची, आमटीला कोरड्यास. माझी आजी बोलत असेल असे शब्द, जे पुण्यातही माझ्या कानांवरून गेले नव्हते. सासूची नक्कल करायची. आईचे किस्से सांगायची. तिची आई एकदाच दिल्लीला येऊन गेली होती. बाईला हिंदीचा एक शब्द कळत नव्हता, आणि करोल बागेतल्या भाजीवाल्याशी ती रोज मराठीत भांडून दोन मिरच्या जास्त आणायची. जाताना तिने, मला न बघताच, माझ्यासाठी बेदाण्याची पिशवी ठेवली होती. “माझ्या लेकीला बोलायला माणूस मिळालं,” असा निरोप होता.

बोलायला माणूस. ते मी होते.

आता फॅक्टरीचं सांगायला हवं. टाळत होते, पण हवं.

माल जहाजावर चढायची तारीख जवळ आली की फिनिशिंगच्या बायका वेळेवर हजेरीच्या मशीनवर अंगठा लावून बाहेर पडायच्या — आणि जिन्यावरून परत फिरून टेबलाला लागायच्या. कागदोपत्री घरी गेलेल्या बायका अंधार पडेपर्यंत कपडे तपासत असायच्या. जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो, हे मला पाठ आहे. मुलाखतीत मीच ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं. आम्ही साधा दर द्यायचो, हातावर. नवीन आलेल्या बाईला हे ‘कंपनी का तरीका’ म्हणून समजावून सांगायचं काम कुणाचं? माझंच. अगदी गोड आवाजात. रेश्मालाही मीच सांगितलं होतं, मराठीत. तिची लेक बालवाडीतून आल्यावर शेजारणीकडे बसायची. अशा दिवसांत ती पोर जेवून तिथेच झोपून जायची आणि रेश्मा तिला खांद्यावर टाकून घरी न्यायची. हे तिने मला मेट्रोत सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, असंच, बोलता बोलता. आणि मी “हो गं, बायकांचं असंच” म्हटलं होतं. असंच म्हणजे कसं? जसं मी केलं होतं तसंच.

परदेशी गिऱ्हाइकांकडून तपासणीला माणसं येतात. कामगारांना नीट वागवता का, बघायला. ती यायच्या आधी मी बायकांना गोळा करून उत्तरं शिकवायचे. छुट्टी वेळेवर होते. जास्तीचं काम नाही. असलं तर डबल मिळतं. सगळ्या माना डोलवायच्या. त्या वर्षी तपासणीला आलेल्या बाईने नेमकी रेश्माला खोलीत बोलावलं, आणि रेश्माने होतं तसं सांगून टाकलं. अंगठा, जिना, टेबल, हातावरचे पैसे, सगळं.

मी तिला मेट्रोत विचारलं, असं का केलंस? तर म्हणाली, “खोटं बोलायला हिंदी पुरलं न्हाई, ताई.” आणि हसली. मग म्हणाली, “अन् लेक ओळखंना झालीया मला. शेजारणीलाच आई म्हणती.”

दुसऱ्या दिवशी जी.एम. साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. मला चहा मागवला. म्हणाले, या बाईला काढून टाकलं तर ती दाद मागेल, तपासणीवाल्यांच्याही कानावर जाईल. तिने स्वतःहून सोडलं तर प्रश्न मिटला. आणि मग ते वाक्य — “मॅडम, आप अपनी भाषा में समझा दीजिए.”

इथे माझ्या नोकरीवर गदा येणार होती, घराचे हप्ते होते, असं काहीतरी मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. तसं काही नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर साहेबांनी खांदे उडवले असते, फार तर महिनाभर तोंड वाकडं केलं असतं. खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्या ऑफिसात माझं मराठी म्हणजे एक गंमत होती — “मॅडम, आपके उधर तो तीखा खाते हैं ना?” एवढ्यापुरती. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग होता, आणि तो फक्त मला करता येणार होता. चहा पिऊन उठताना मी चक्क फुशारले होते.

रेश्माला मी माझ्या खोलीत बोलावलं. दार लावलं. तिलाही चहा मागवला. बघा, मी काय लगेच शिकले. आणि तिला मराठीत समजावलं. म्हटलं, तुला काढलं तर नाव खराब होईल, आसपासच्या कुठल्याच फॅक्टरीत उभं करणार नाहीत. त्यापेक्षा तू राजीनामा दे. वारं शांत झालं की, सीझन सुरू झाला की, तुला परत घेऊ. तिने विचारलं, नक्की घेतील का? मी म्हटलं, “मी आहे ना.”

हे धादांत खोटं होतं. तिला परत घेणार नाहीत, हे मला माहीत होतं. काढून टाकलेल्या माणसाला नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, काढायला काही कारण दाखवावं लागतं. आपणहून गेलेल्याला यातलं काही नाही. तिच्याजवळ जे काही हक्काचं होतं ते सगळं तिची ती एक सही पुसून टाकणार होती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. समोरचा कागद इंग्रजीत होता. तिने तो बघितलाही नाही. ती माझ्याकडे बघत होती. “तुमी म्हणताय तर करते,” म्हणाली आणि सही केली. हिंदीत कुणी सांगितलं असतं तर तिने तो कागद घरी नेला असता, नवऱ्याला दाखवला असता, चार जणांना विचारलं असतं. मराठीत सांगितल्यावर काय विचारायचं? दिल्लीत आम्हा लोकांची हीच खोड आहे. आपलं बोलणारा माणूस आपलाच, असं धरून चालतो. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच.

उठताना ती म्हणाली, “आता डबा कुणासंगं खाशीला ताई?”

मी म्हटलं, अगं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

नंतर तिचे फोन यायचे. सुरुवातीला मी उचलायचे. अजून थोडं थांब, साहेब बाहेरगावी आहेत, नवीन ऑर्डर यायची आहे. मग उचलेनाशी झाले. स्क्रीनवर तिचं नाव उजळायचं आणि विझायचं. मेट्रोच्या त्या कोपऱ्यात मी उभी राहीनाशी झाले, डब्याच्या दुसऱ्या टोकाला जायला लागले. सीझन आला, नवीन चेकर आल्या. त्यांना मीच कंपनी का तरीका समजावला.

तुम्ही म्हणाल, झालं, कळला गुन्हा. मलाही बरीच वर्षं इथेच थांबायला आवडायचं. कारण हे इतकं काही जगावेगळं नाही. कुठल्याही कंपनीतला एच.आर.वाला हे ऐकून मान डोलवील, आपलीही एखादी गोष्ट सांगेल. पण मी सांगायला बसले ती गोष्ट ही नाही.

कुणीतरी तिला वाट दाखवली आणि तिने लेबर ऑफिसात अर्ज केला. काम परत मिळावं, नाहीतर हक्काचं मिळावं. आम्हाला बोलावणं आलं. कंपनीच्या वकिलाने मला पढवून नेलं होतं, जास्त बोलायचं नाही, फक्त एवढंच — अपनी मर्जी से दिया. मीही मनाशी तेवढंच ठरवलं होतं. एक वाक्य आणि सुटका.

पहिल्या खेपेला तिचा नवरा बरोबर होता असं ऐकलं. त्या दिवशी मी गेले नव्हते. मी गेले त्या दिवशी तो वडिलांच्या आजारपणामुळे गावी होता. ती एकटीच बाकावर बसली होती. चांगली साडी नेसून, जशी लग्नाला निघाली असावी. मला बघून उठून उभी राहिली. सवयीने. मग पुन्हा बसली.

अधिकारी वयस्क होते, सज्जन वाटले. टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर माणसांची रांग, तरी त्यांनी तिला नीट बसवलं आणि काय झालं ते सांगा म्हणाले. तिने हिंदीत सुरुवात केली. “मैं काम करता था... मेरे को मॅडम ने...” आणि अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकली. वकील फोनमध्ये बघत हसत होता. अधिकारी म्हणाले, घाबरू नका, तुमच्या भाषेत बोला. मग इकडेतिकडे बघून विचारलं, इथे मराठी कुणाला येतं?

मला येत होतं. त्या सबंध खोलीत तिला आणि मला. अधिकारी माझ्याकडे वळले, “तो आप ही बता दीजिए, मॅडम, ये क्या कह रही हैं.”

आणि रेश्माचा चेहरा — हे कसं लिहू? तिचा चेहरा सैल झाला. तिला हायसं वाटलं. माझ्याविरुद्ध तिने अर्ज केला होता, माझ्यामुळे ती तिथे बसली होती, आणि तरी, मी तिचं म्हणणं सांगणार म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. खोटी आशा दाखवली असेल ताईने, फोन उचलले नसतील. पण आपलं बोलणं तोंडावर बदलून सांगेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं.

ती बोलायला लागली. इतक्या महिन्यांनी मी तिचं मराठी ऐकत होते. न थांबता, न अडखळता, विट्याच्या हेलात ती सगळं सांगत गेली. अंगठा लावून परत टेबलाला लागणं. लेक शेजारणीकडे झोपते ते. तपासणीची बाई. चहा. बंद दार. “ताई म्हणाल्या मी आहे ना, म्हणून सही केली सायेब. माझ्या मनानं न्हाई केली. मला भांडायचं न्हाई. माझं काम मला परत द्या.” तुम्हाला खोटं वाटेल, पण ऐकताना क्षणभर मला वाटलं, हिने असंच बोलत राहावं. आम्ही मेट्रोत आहोत, यमुना बँक अजून लांब आहे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी हिंदीत सांगितलं —

“सर, ये कह रही हैं कि बच्ची छोटी है, पड़ोस में छोड़नी पड़ती थी, देर तक रुकना मुश्किल हो रहा था, इसलिए काम छोड़ा. अब काम वापस चाहती हैं.”

बघितलंत? त्यातली एकही गोष्ट मी पदरची घातली नाही. लेक तिनेच सांगितली होती, शेजारीण तिचीच, उशीरही तिचाच, काम परत हवं हेही तिचंच. मी फक्त जागा बदलल्या. मेट्रोत विश्वासाने सांगितलेलं तिचं सगळ्यात दुखरं — लेकीला शेजारणीकडे ठेवावं लागत होतं ते — तेच मी तिच्या विरुद्ध उभं केलं. हे मला कुणी पढवलं नव्हतं. वकिलानेसुद्धा चमकून फोनमधून मान वर केली.

तिला हिंदी बोलता येत नव्हतं. समजत होतं. सगळं.

“ऐसा नहीं बोली मैं, साहब,” ती म्हणाली. “ये गलत बोलता है.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. ते तिच्यावर चिडले नाहीत, उलट समजुतीने म्हणाले, “मॅडम तो आप ही की तरफ की हैं, आपकी भाषा की हैं. ये भला गलत क्यों बताएँगी?” मग माझ्याकडे वळून, “सही बताया ना आपने?”

त्या सज्जन माणसाने मला परतीचं दार उघडून दिलं होतं. नाही, सर, चुकलं, पुन्हा सांगते — एवढं म्हणायचं होतं. रेश्मा माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. ती वाट बघत होती. आपल्या माणसाची जीभ घसरली असेल, आता ती सावरून घेईल, अशी वाट.

मी म्हटलं, “जी.”

वकिलाने फाइल बंद केली. अधिकारी लिहायला लागले. आणि रेश्मा त्यांच्याकडे वळून म्हणाली, “साहब, अब मैं हिंदी में बोलती. जैसी आती है वैसी.” आणि बोलली. मोडकं, सगळी लिंगं उलटीपालटी. मघाशी नदीसारखं वाहत आलेलं तिचं म्हणणं त्या हिंदीत चार-पाच वाक्यांचं झालं. साहेबांनी त्यातलं जेवढं कळलं तेवढं लिहून घेतलं असेल. पुढची तारीख पडली. त्या तारखेला ती आली नाही. मग तिचा अर्ज निकालात निघाला, असं वकिलाने फोन करून कळवलं. जी.एम. साहेब म्हणाले, मॅडम, आपने संभाल लिया.

त्या दिवशी जिन्यात ती माझ्या शेजारून उतरली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “चलती हूँ, मॅडम.”

ताई नाही. मॅडम.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्याच फॅक्टरीत आहे. पुढच्या वर्षी रिटायर होईन. अंगठ्याच्या जागी आता चेहरा दाखवायचं मशीन आलं आहे. बायका चेहरा दाखवून जिन्यावरून परत फिरतात. मुलीचं लग्न झालं, नातू मला ‘नानी’ म्हणतो. मंडळाच्या गणपतीला गेले तर तिथे भेटणारी मराठी माणसं छान शुद्ध बोलतात, आणि दहा मिनिटांनी माझा जीव गुदमरतो. एकदा जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, कोरड्यास वाढू का? तो हसला, म्हणाला, हा शब्द कुठून आणलास? मी म्हटलं, असाच आला. उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मला तिची आठवण येते. हे म्हणायचा मला हक्क नाही, तरी येते. पश्चात्ताप वगैरे मोठ्या शब्दांच्या आधी, नुसती आठवण. माळव्याची, सासूच्या नकलेची, दाराशेजारच्या त्या कोपऱ्याची. ज्याचा गळा कापला त्याच्याच आवाजाला आसावणं, हा कसला प्रकार? मला माहीत नाही. कुणाला विचारणार?

गेल्या हिवाळ्यात ती मला दिसली. संध्याकाळची गर्दीची मेट्रो, लेडीज डबा. दाराशेजारी, माझ्याकडे पाठ करून, एक बाई फोनवर बोलत होती. आधी आवाज ओळखला, मग पाठ. ती आईशी बोलत होती. लेक आता मोठ्या शाळेत जाते, भाकरी बघून नाक मुरडते, काय करावं. थंडीनं गुडघं धरल्यात. यंदा बेदाणं चांगलं झाल्यात का? माझ्या आणि तिच्या मध्ये एकच बाई होती. मी त्या बाईच्या खांद्याआड उभी राहून ऐकत होते, चोरासारखी. नुसतं ऐकत होते. यमुना बँक आलं, दार उघडलं. मला उतरायचं होतं. मी उतरले नाही.

गाडी पुढे निघाली. नदी गेली. तिची आई पलीकडून काहीतरी सांगत असावी, कारण ती हसत होती आणि “व्हय व्हय” म्हणत होती. मी कधीपासून हसत होते, मला कळलं नाही. राजीव चौकला डबा रिकामा झाला, मधली बाई उतरली, आणि ती वळली.

तिने मला बघितलं. ओळखलं. चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. फोन कानालाच होता. पलीकडे तिची आई, जिला हिंदीचा एक शब्द कळत नाही, अजून बोलत होती. रेश्मा माझ्याकडे बघत राहिली आणि आईला म्हणाली —

“आई, मैं बाद में फोन करती हूँ.”

आणि फोन पर्समध्ये ठेवला. करोल बागेपर्यंत तिने मराठीचा एक शब्दही माझ्या कानावर पडू दिला नाही. तिचं स्टेशन आलं तेव्हा ती उतरली, आणि मी पुढच्या स्टेशनला उतरून परतीची गाडी धरली.